सिडनीचं ते शतक कुणाच्या खात्यात?

जून २०२४. न्यूयॉर्कमधली भारत-अमेरिका मॅच. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत क्लबहाउसच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे कोपऱ्यात वडापाव आणि चहाचा थर्मास. अमेरिकेने जेमतेम ११० रन केलेले, त्यामुळे सगळे निवांत, अर्धे लोक तर मोबाइलमध्ये. आपली बॅटिंग सुरू झाली आणि पहिल्याच ओव्हरमध्ये अमेरिकेच्या सौरभ नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्या बॉलवर परत पाठवलं. हॉलभर एकच ‘अरेऽऽ’ उमटलं, आणि त्या ‘अरेऽऽ’च्या मधोमध कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जोरात, मनापासून, तीन-चार वेळा. पाचव्या मजल्यावरचे काका. आयुष्यभर आझाद मैदानावरच्या मॅचेस बघत आलेला माणूस. ‘आपल्या मुंबईचा पोरगा आहे तो!’ ते म्हणाले. पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून म्हणाला, ‘काका, विकेट आपली गेलीये.’ तो हसतच म्हणाला होता, पण काकांनी हात मांडीवर घेतले आणि पुढे रोहित शर्माही नेत्रावळकरलाच गेला तेव्हा ते गप्प बसून राहिले. मॅच आपण जिंकलो. लोक खुर्च्या रचायला लागले. मला मात्र ते आवरून घेतलेले हात काही केल्या डोक्यातून जाईनात.

घरी आल्यावर झोप येईना, तेव्हा मी माझा जुना उद्योग सुरू केला. जुने स्कोअरकार्ड उघडून वाचत बसणं. कुणी रात्री जुनी गाणी ऐकतं, मी धावफलक वाचतो. त्या रात्री मी ज्याला शोधत होतो त्याचं नाव एड जॉइस. नेत्रावळकरवरून जॉइस का आठवावा? तर जॉइसच्या नावासमोर दोन देश आहेत, आणि तो एकदा गेला, मग परतही आला. येणाऱ्यांची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते २ फेब्रुवारी २००७ ला, टीव्हीवर, सिडनीत. इंग्लंड नुकतंच ॲशेसमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टेस्ट मालिकेत, ५-० असं झोडपून निघालं होतं आणि वनडेतही रोज मार खात होतं. अशात एक उंच, सडपातळ, डावखुरा ओपनर येतो आणि ऑस्ट्रेलियाला १०७ मारतो. मला आठवते ती त्याची घाई नसण्याची तऱ्हा. बॉल जवळजवळ अंगाखाली येईपर्यंत तो थांबायचा. बॅट शेवटच्या क्षणी खाली यायची आणि पॉइंट-कव्हरच्या मधून बॉल गेलेला दिसायचा. आवाजही मोठा नाही. ताकद लावणाऱ्या डावखुऱ्यांची आपल्याला सवय, हा मात्र समोरच्याचाच वेग उसना घेऊन त्यालाच परत करत होता. इंग्लंडने ती मॅच ९२ रननी जिंकली आणि पुढे ती मालिकाही. मी तेव्हा इतकंच मनाशी टिपलं की इंग्लंडला बऱ्याच दिवसांनी एक चांगला लेफ्टी मिळाला. तो डब्लिनचा आहे, त्याची भावंडं आयर्लंडकडून खेळतात, हे नंतर कळलं.

भावंडं म्हणजे किती, तर एडला धरून पाच जण आयर्लंडकडून खेळले. गस, एड, डॉमिनिक आणि जुळ्या बहिणी इसोबेल आणि सिसीलिया. आई धावलेखक. डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी ब्रे नावाचं गाव आहे, तिथलं हे कुटुंब. आपल्याकडे एका घरात दोन रणजीपटू निघाले तर गल्लीला नाव द्यायची वेळ येते. आयर्लंडमध्ये मात्र क्रिकेट खेळणाऱ्या घराकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहिलं जायचं. हा इंग्रजांचा खेळ. गेलिक खेळांच्या संघटनेने तर आपल्या सभासदांना क्रिकेट, रग्बी, सॉकर असले ‘परदेशी’ खेळ खेळायची, नुसती बघायचीही बंदी घातलेली होती आणि ती उठली थेट १९७१ मध्ये. एड जन्मला १९७८ साली. कायदा उठला म्हणून कपाळावरच्या आठ्या लगेच मिटत नाहीत. डब्लिनच्या बसमध्ये क्रिकेटची किट-बॅग घेऊन चढणाऱ्या मुलाला काय काय ऐकावं लागत असेल याचा मी अंदाज करू शकतो, कारण दादरच्या लोकलमध्ये किट-बॅग घेऊन चढणाऱ्याला मी रोज शिव्या खाताना पाहिलंय. अर्थात ते निव्वळ जागेवरून. तिकडचं भांडण इतिहासाचं.

असा मुलगा चांगला खेळायला लागला की त्याच्यापुढे वाट एकच. समुद्र ओलांडून काउंटी, म्हणजे इंग्लंडमधलं व्यावसायिक क्रिकेट. जॉइस १९९९ ला मिडलसेक्सकडे गेला, म्हणजे लॉर्ड्स हे त्याचं घरचं मैदान. आयर्लंडकडून खेळणंही चालू होतं, पण त्या आयर्लंडला टेस्ट नव्हती, वनडेचा दर्जाही नव्हता. आणि टेस्ट खेळायची इच्छा ज्याला नाही असा चांगला बॅट्समन त्या पिढीत तरी मला माहीत नाही. काउंटीत वर्षानुवर्षं रन करत त्याने इंग्लंडसाठी पात्र होण्याची मुदत भरली. याच्या शेवटाला एक फार मजेशीर प्रकार झाला. २००५ ची आयसीसी ट्रॉफी आयर्लंडमध्येच होती. जॉइस तिथे आयर्लंडसाठी खेळला, भरपूर रन केले, आयर्लंड २००७ च्या वर्ल्डकपला पहिल्यांदाच पात्र ठरलं. ज्या वर्ल्डकपचं दार त्याने आपल्या माणसांना उघडून दिलं त्यात तो स्वतः गेला ते इंग्लंडच्या शर्टात.

त्याआधी १३ जून २००६. बेलफास्टचं स्टॉरमाँट. आयर्लंडची इतिहासातली पहिली वनडे, समोर इंग्लंड. त्या दिवशी एड जॉइसचं वनडे पदार्पण झालं, इंग्लंडकडून. त्याच दिवशी डॉमिनिक जॉइसचं पदार्पण झालं, आयर्लंडकडून. सख्खे भाऊ. धावफलकावर वरच्या अर्ध्यातही जॉइस आणि खालच्या अर्ध्यातही जॉइस. नेत्रावळकरच्या त्या रात्री मी हा धावफलक बराच वेळ बघत बसलो होतो. त्यात आयर्लंडचा केव्हिन ओब्रायन आहे, त्याने वनडेतल्या आपल्या पहिल्याच बॉलवर इंग्लंडच्या स्ट्रॉसला काढलंय. ट्रेस्कॉथिकचं शतक आहे. इंग्लंड ३८ रननी जिंकलंय. पण कागदावर जे नाही तेच डोळ्यांपुढे येत राहतं. त्या दिवशी त्यांच्या घरून आलेल्या माणसांनी टाळ्या कधी वाजवल्या असतील? आमच्या काकांना निदान पुढच्या रांगेतल्या एकाचीच भीड होती.

दोनच दिवसांनी श्रीलंकेविरुद्धच्या टी-ट्वेंटीत फील्डिंग करताना जॉइसचा घोटा मुरगळला आणि तो बाहेर. मग ट्रेस्कॉथिक ऑस्ट्रेलियातून घरी परतला म्हणून ॲशेसच्या संघात बोलावणं आलं, पण पाचातली एकही टेस्ट त्याच्या वाट्याला आली नाही. ज्या गोष्टीसाठी देश बदलला ती गोष्ट हातभर अंतरावर, ड्रेसिंगरूमच्या काचेपलीकडे. मग ते सिडनीचं शतक. मग वर्ल्डकप, आणि त्यात ३० मार्च २००७ ला गयानामध्ये पुन्हा इंग्लंड विरुद्ध आयर्लंड. जॉइस ओपनिंगला आला आणि १ रनवर बॉइड रँकिनने त्याचा त्रिफळा उडवला.

रँकिनचं पुढचं लक्षात ठेवा.

त्या वर्ल्डकपनंतर इंग्लंडने जॉइसला वगळलं ते कायमचंच. सतरा वनडे, एक शतक, टेस्ट शून्य. त्या वेळचा नियमही मोठा गमतीचा होता. आयर्लंडसारख्या असोसिएट, म्हणजे टेस्टचा दर्जा नसलेल्या देशाकडून खेळलेला माणूस टेस्ट खेळणाऱ्या पूर्ण सदस्य देशाकडे सहज जाऊ शकत होता. परत यायचं म्हटलं की चार वर्षं थांबा. म्हणजे छोट्या देशाने मुलगा वाढवायचा, मोठ्याने हवा तेव्हा उचलायचा, नको झाला की सोडायचा, आणि छोट्याने दारात चार वर्षं वाट बघायची. कुणी काही म्हणो, मला यात जॉइसचा दोष कधी दिसला नाही. दोष त्या दाराचा, जे एकाच बाजूला उघडत होतं. जॉइस ससेक्सला गेला, गुपचूप रन करत राहिला, आणि चार वर्षं भरायला थोडे दिवस कमी होते ते आयसीसीने माफ केले म्हणून २०११ च्या वर्ल्डकपला आयर्लंडच्या हिरव्या शर्टात आला.

बंगळूरची ती मॅच कुणाला आठवत नाही! २ मार्च २०११. इंग्लंड ३२७. आयर्लंड १११ ला ५. मग गुलाबी केसांचा केव्हिन ओब्रायन येतो, ५० बॉलमध्ये शतक ठोकतो आणि चिन्नास्वामीच काय, अख्खा भारत त्या रात्रीपुरता आयरिश होतो. मीही झालो होतो. पण त्या डावात तिसऱ्या नंबरवर जॉइसचे ३२ आहेत, हे तेव्हा माझ्याही ध्यानात राहिलं नाही. स्वॉनला पुढे येऊन खेळायला गेला आणि प्रायरने स्टंप केलं. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या ड्रेसिंगरूममध्ये बसायचा त्यांच्याचविरुद्ध. हरताहरता जिंकलेल्या मॅचमध्ये असे ३२ कुणी मोजत नाही. मला आता वाटतं, त्या ३२ रन करताना त्याच्या पोटात जे चाललं असेल त्याची बरोबरी ओब्रायनच्या सहा सिक्सरनाही जमणार नाही. ओब्रायनला काय, त्याला त्या दिवशी एकच शर्ट माहीत होता.

दरम्यान ओइन मॉर्गन इंग्लंडकडे गेला. २००७ च्या वर्ल्डकपला तो आयर्लंडकडून होता, २००९ पासून इंग्लंडचा झाला, आणि २०१९ ला लॉर्ड्सवर त्याने इंग्लंडला वर्ल्डकप उचलून दिला. त्या दहा संघांच्या वर्ल्डकपात आयर्लंडला जागाच नव्हती. आणि रँकिन, गयानात जॉइसची दांडी उडवणारा, तोही इंग्लंडकडे गेला. जानेवारी २०१४ ला त्याला सिडनीत ॲशेसची एक टेस्ट मिळाली, पुढे तो आयर्लंडला परतला. म्हणजे ज्याने इंग्लंडच्या जॉइसला बाद केलं तोच इंग्लंडचा झाला आणि जॉइस आयर्लंडचा. हे सगळं क्रमाने सांगायला गेलं की ऐकणारा दोनदा थांबवून विचारतो, ‘एक मिनिट, आता कोण कुणाकडून?’

माझा एक मित्र डब्लिनला असतो, आयटीत, पुण्याहून गेलेला. त्याचा मुलगा तिथल्या क्लबात लेगस्पिन टाकतो. त्या क्लबच्या शनिवारच्या संघात अर्धी नावं आपल्या उपखंडातली असतात, आयर्लंडच्या मुख्य संघात पंजाबात जन्मलेला सिमी सिंग खेळून गेलाच. २०२२ मध्ये भारत डब्लिनजवळच्या मालाहाइडला टी-ट्वेंटी खेळायला गेला तेव्हा हे दोघं बाप-लेक मैदानात होते. दीपक हुडाने शतक मारलं आणि तरी आयर्लंड चार रन कमी पडेपर्यंत भिडलं ती मॅच. मित्राने फोनवर सांगितलं, ‘शेवटच्या ओव्हरला पोरगं खुर्चीवर उभं राहून आयर्लंडसाठी ओरडत होतं रे.’ मी विचारलं, ‘मग तू काय केलंस?’ तर म्हणाला, ‘मी त्याला खाली बसवलं. मागच्यांना दिसत नव्हतं.’ हे उत्तर मला फार आवडलं. नेत्रावळकरच्या रात्री पुढच्या रांगेतल्या त्या माणसाला हे सांगायला हवं होतं. नेत्रावळकर काही आपलं सोडून गेला नाही. २०१० चा अंडर-नाइन्टीन वर्ल्डकप भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजीची एक मॅच मिळाली, पुढे रांग लांबच लांब होती. इंजिनियर होता, शिकायला अमेरिकेला गेला, नोकरी लागली, आणि तिथे बॉल पुन्हा हातात आला. रांगेतून बाहेर पडलेल्याने दुसरीकडे खेळू नये, असं म्हणणारे आपण कोण? पण खरं सांगतो, कोहली गेला तेव्हा माझ्याही तोंडून ‘अरेऽऽ’च आलं होतं. टाळी नाही. दोन्ही एकदम यायला काकांइतकं वय व्हावं लागत असेल.

मालाहाइडलाच मे २०१८ मध्ये आयर्लंडची पहिली टेस्ट झाली. पाकिस्तानविरुद्ध. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये आयसीसीने आयर्लंडला आणि अफगाणिस्तानला टेस्टचा दर्जा दिला होता. जॉइस ३९ वर्षांचा, घरी परत आलेला, गुडघ्यांचे हाल झालेले. टेस्ट खेळायला घर सोडलं होतं, आता टेस्टच घरी आली. वाड्याशेजारचं ते मैदान, भोवती उभे केलेले तात्पुरते स्टँड. पहिला दिवस अख्खा पावसात गेला, तिथे त्याचं कुणाला नवल वाटलं नसावं. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानची बॅटिंग, आयर्लंडची टेस्टमधली पहिली विकेट घेतली रँकिनने. पाकिस्तानने ३१० वर डाव सोडला. मग आयर्लंड ७ ला ४. जॉइस ४ वर पायचीत, मोहम्मद अब्बासला. सगळे मिळून १३०. फरक १८० चा. पाच दिवसांच्या टेस्टमध्ये फॉलोऑनसाठी, म्हणजे समोरच्याला लगेच पुन्हा बॅटिंगला लावण्यासाठी, २०० लागतात, पण पहिला दिवस वाहून गेल्यामुळे मॅच चार दिवसांची धरली गेली आणि हद्द १५० वर आली. म्हणजे पाऊस पडला नसता तर फॉलोऑनच नव्हता. आणि फॉलोऑन नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पुढचं म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जॉइस आणि पोर्टरफील्ड पुन्हा पॅड बांधून बाहेर आले. तासाभरापूर्वी ज्या बॉलिंगने दाणादाण उडवली तीच बॉलिंग, बॉल तसाच हलतोय. हा खेळ मी नंतर तुकड्या-तुकड्यांत पाहिला. जॉइस बॉल सोडतोय, सोडतोय, सोडतोय. ऑफ स्टंप कुठे आहे हे सुमारे वीस वर्षांच्या काउंटीने हाडात भिनवलेलं. मग अंगावर आलेला एखादा बॉल मिडविकेटला, आखूड पडलेला पॉइंटच्या बाजूला, तीच ती शेवटच्या क्षणाला खाली येणारी बॅट. दिवस संपला तेव्हा बिनबाद ६४. चौथ्या दिवशी सकाळी तो धावबाद झाला. ४३. अब्बास नाही, आमीर नाही, लेगस्पिन नाही. इतकी वर्षं ज्या डावाची वाट पाहिली तो एका रनच्या धावपळीत संपला. सगळा नंतरचा मान केव्हिन ओब्रायनला, आणि तो रास्तच आहे, त्याने ११८ मारले, आयर्लंडचं टेस्टमधलं पहिलं शतक. पाकिस्तानला १६० हवे होते, १४ ला ३ अशी अवस्थाही झाली होती, पण ते पाच विकेटनी जिंकले. जॉइसने त्याच महिन्यात निवृत्ती जाहीर केली. एक टेस्ट, ४७ रन. फर्स्ट क्लासमध्ये अठरा हजारांच्या वर रन आणि ४७ शतकं, वनडेत सहा शतकं. त्यातलं सगळ्यात मोठं नाबाद १६० चं, २०१६ ला, अफगाणिस्तानविरुद्ध. मैदान पुन्हा स्टॉरमाँट.

लोक त्याच्यावर हळहळतात तेव्हा मला आपला अमोल मुजुमदार आठवतो. पदार्पणात २६०, अकरा हजारांवर रन, मुंबई सोडून आसाम आणि आंध्रकडून खेळणं, टेस्ट एकही नाही. तो पुढे भारताच्या बायकांच्या संघाचा कोच झाला आणि २०२५ चा वर्ल्डकप नवी मुंबईत जिंकून बसला. जॉइसही २०१९ पासून काही वर्षं आयर्लंडच्या बायकांचा कोच होता. मुजुमदारवर हळहळायची मला आता लाज वाटते, आणि जॉइसवर हळहळावं असं मला आधीही फारसं वाटलं नव्हतं. सिडनीतल्या त्या १०७ रन कुणाच्या, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्या दिवशी इंग्लंडच्या, पण त्यात डब्लिनच्या मेरियन क्लबचा वाटा होताच, आणि थोडा टीव्हीसमोर बसलेल्या माझाही.

मालाहाइडच्या वेळी सगळीकडे ‘आयर्लंडची पहिली टेस्ट’ असं छापून आलं होतं. पुरुषांची पहिली, असं म्हणायला हवं होतं. जुलै २००० च्या शेवटी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मैदानावर आयर्लंडच्या बायका पाकिस्तानशी टेस्ट खेळल्या होत्या. एड शिकला ते हेच कॉलेज. पाकिस्तान ५३ आणि ८६, आयर्लंड ३ बाद १९३ वर डाव घोषित. दोन दिवसांत डाव आणि ५४ रननी मॅच खिशात. दुसऱ्या डावात २१ रनमध्ये ६ विकेट घेणारी डावखुरी पोरगी नुकतीच सतराची झाली होती. तिचं नाव इसोबेल जॉइस. भाऊ तेव्हा लंडनला काउंटीत पाय रोवायच्या खटपटीत होता, कारण टेस्ट खेळायची तर आयर्लंड सोडावं लागतं असं सगळेच धरून चालले होते. जॉइसच्या घरात टेस्ट जिंकलेलं माणूस आजही एकच आहे, आणि ते एड नव्हे.